धागा: मर्ज केलेल्या हेडरचा तक्ता सरळ कसा करायचा? (तालुकानिहाय पीक तक्ते)

तेरणाकाठ
मंडळी, मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचे तालुकानिहाय पीक तक्ते एक्सेलमध्ये आहेत. एका शीटवर एक वर्ष, अशी पाच शीटं. प्रत्येक शीटची रचना अशी:

ओळ १: तक्त्याचं नाव, ३० कॉलमांवर आडवं मर्ज.
ओळ २: जिल्हा, तालुका, मग 'खरीप' १५ कॉलमांवर, 'रब्बी' ९ कॉलमांवर, 'एकूण' ३ कॉलमांवर, शेवटी 'शेरा'.
ओळ ३: पिकं. खरिपात सोयाबीन, तूर, मूग, उडीद, ज्वारी. रब्बीत ज्वारी, हरभरा, गहू. 'एकूण'चा सेल इथपर्यंत खाली ओढलेला आहे.
ओळ ४: प्रत्येक पिकाखाली क्षेत्र, उत्पादन, उत्पादकता.
ओळ ५ पासून आकडे. जिल्ह्याचं नाव उभं मर्ज, दर जिल्ह्यानंतर 'एकूण'ची ओळ.

फिल्टरमध्ये 'लातूर' निवडलं की एकटा पहिला तालुका दिसतो, बाकीचे नऊ गायब. मला हवंय ते इतकंच: वर्ष, जिल्हा, तालुका, हंगाम, पीक, क्षेत्र, उत्पादन. एका ओळीत एक पीक. हातानं कॉपी-पेस्ट सोडून काय मार्ग आहे?

हुरडा_हंगाम
मर्ज सेल म्हणजे पंगतीत एका पाटावर बसून पाच पाट अडवणारा पाहुणा. नाव एकाचं, जागा सगळ्यांची.

बालाघाट
हुरडा, उपमा बरोबर बसली. मर्ज केल्यावर मजकूर फक्त डावीकडच्या वरच्या सेलमध्ये राहतो, बाकीचे सेल खरोखर रिकामे असतात. म्हणून फिल्टरला एकच लातूर सापडतो.

एकच शीट असेल तर साधा उपाय. मूळ फाइलची प्रत काढा. जिल्ह्याचा कॉलम निवडून अनमर्ज करा. निवड तशीच ठेवून एफ५, स्पेशल, ब्लँक्स. आता बरोबरचं चिन्ह टाइप करा, वरचा बाण एकदा दाबा आणि कंट्रोल धरून एंटर. सगळ्या रिकाम्या सेलांत वरचं नाव उतरतं. मग तोच कॉलम कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून व्हॅल्यूज. हे शेवटचं विसरलात आणि नंतर सॉर्ट केलंत तर लातूरचे तालुके बीडमध्ये जातील, कारण प्रत्येक सेल अजून 'माझ्या वरचा' एवढंच बघत असतो.

हेडरच्या ओळींनाही हेच, फक्त वरच्या बाणाऐवजी डावा बाण. निवड मात्र हेडरपुरतीच ठेवा. आकड्यांचा भाग निवडीत आला तर तिथले रिकामे सेलही शेजारच्या आकड्यानं भरतील आणि ते नंतर ओळखू येणार नाहीत.

पैठणी_पदर
पाच शीटं आहेत आणि दरवर्षी एक वाढणार. बालाघाटकाका, त्यामुळं एफ५ची युक्ती इथं पुरायची नाही. पॉवर क्वेरी वापरा, म्हणजे एकदा ठरवलेल्या पायऱ्या दरवेळी पुन्हा चालवणारं एक्सेलचं साधन. एक्सेल २०१६ पासून ती आतच आहे, २०१० आणि २०१३ ला वेगळं अॅड-इन घ्यावं लागायचं.

तक्त्यात क्लिक करून थेट 'फ्रॉम टेबल' म्हणू नका. एक्सेल त्या भागाचं टेबल बनवतं, म्हणजे तुमचे मर्ज फोडतं आणि मूळ शीटचं रूप बिघडवतं. नवी कोरी फाइल उघडा. डेटा, गेट डेटा, फ्रॉम फाइल, फ्रॉम वर्कबुक. मूळ फाइलला हात लागत नाही.

आत गेल्यावर:

१. उजवीकडच्या यादीत 'प्रमोटेड हेडर्स' आणि 'चेंज्ड टाइप' या पायऱ्या आपोआप आलेल्या असतील. दोन्ही उडवा.
२. रिमूव्ह टॉप रोज, १. तक्त्याचं नाव गेलं.
३. ट्रान्सपोज. हेडरच्या तीन ओळी आता डावीकडे तीन उभे कॉलम होतात: हंगाम, पीक, बाब.
४. पहिले दोन कॉलम निवडून फिल डाउन. रिकाम्या सेलांत वरचं नाव उतरतं.
५. तिन्ही कॉलम निवडून मर्ज कॉलम्स, मध्ये उभी रेघ. 'खरीप|तूर|क्षेत्र' असं नाव तयार होतं.
६. पुन्हा ट्रान्सपोज, मग युज फर्स्ट रो अॅज हेडर्स. इथं परत 'चेंज्ड टाइप' येईल, परत उडवा.
७. जिल्ह्याच्या कॉलमला फिल डाउन. 'एकूण'च्या ओळी फिल्टरनं बाहेर.
८. जिल्हा आणि तालुका निवडून राइट क्लिक, अनपिव्हॉट अदर कॉलम्स. बाकीचे आडवे कॉलम उभ्या ओळी होतात, त्यांची नावं 'अॅट्रिब्यूट'मध्ये येतात.
९. 'अॅट्रिब्यूट' कॉलम उभ्या रेघेवर स्प्लिट.

जोडताना स्वल्पविराम किंवा आडवी रेघ घेऊ नका. ती नावांत आधीच असते, आणि मग स्प्लिट करताना तीनचे चार तुकडे पडतात.

मांजरथडी
पैठणीताई, पायरी ४ मध्ये या तक्त्यापुरता एक खड्डा आहे. ट्रान्सपोजनंतर शेवटच्या चार ओळी अशा दिसतील (रिकामं = नल):

एकूण | नल | क्षेत्र
नल | नल | उत्पादन
नल | नल | उत्पादकता
शेरा | नल | नल

पीक कॉलमला फिल डाउन दिलं की वरचा 'गहू' घरंगळत खाली येतो. तयार होतं 'एकूण|गहू|क्षेत्र' आणि 'शेरा|गहू|'. लाल एरर नाही, काही नाही. पुढं कुणी फक्त पिकावर बेरीज केली की गव्हाच्या खात्यात अख्ख्या तालुक्याची पेरणी.

उपाय फिल डाउनच्या आधीच करायचा. अॅड कॉलम, कंडिशनल कॉलम: पीक नल नसेल तर पीक, नाहीतर हंगाम नल नसेल तर नुसती आडवी रेघ, नाहीतर नल. वर नवा गट सुरू झाला आणि खाली पीक नाही, अशा जागी रेघ बसते आणि गहू तिथंच अडतो. मग जुना पीक कॉलम काढा, नवा त्याच्या जागी सरकवा आणि भरा. आता 'एकूण|-|क्षेत्र' मिळतं, ते सरळ फिल्टर करता येतं.

तेरणाकाठ
मांजरथडी, हेच झालं होतं! सगळ्या तालुक्यांत गहू सोयाबीनच्या वर.

हुरडा_हंगाम
पंजाबवाले चौकशीला येतील.

अजिंठा_लिपी
पायथॉन येत असेल तर पँडाजमध्ये (तक्ते हाताळायची पायथॉनची लायब्ररी) हा घोळ होत नाही. रीड-एक्सेलला हेडर म्हणून शून्य, एक, दोन अशी यादी द्या आणि वरची एक ओळ स्किपरोजनं वगळा. वरच्या पातळीवर नवं नाव आलं की खालच्या पातळीची भर तिथंच थांबते, आणि रिकाम्या जागी 'अननेम्ड' असं नाव येतं. शेरा शेराच राहतो. जिल्ह्याचा उभा मर्ज मात्र स्वतः एफफिलनं (पँडाजचं फिल डाउन) भरावा लागतो. त्यानंतर जिल्हा-तालुका इंडेक्समध्ये टाकून वरच्या दोन पातळ्यांवर स्टॅक. क्षेत्र, उत्पादन, उत्पादकता हे तीन कॉलम आपसूक उभे राहतात.

आर ही संगणकभाषा वापरणाऱ्यांसाठी टायडीएक्सएल आणि अनपिव्हॉटआर ही जोडी आहे. तिथं प्रत्येक सेलला 'तुझं हेडर वर-डावीकडे शोध' असं सांगता येतं.

कळणाची_भाकर
ह्ये पायथॉन-बियथॉन आमच्या टेबलावर चालत नाही, इन्स्टॉल करायची परवानगीच नसते. गुगल शीटमध्ये होईल का?

अजिंठा_लिपी
होतं. हेडर आधी एका ओळीत जोडून घ्या. मग जिल्हा, तालुका, हेडर आणि आकडा हे चारही उभ्या रेघेनं जोडून त्याला फ्लॅटन (सगळं एका उभ्या कॉलमात), त्यावर स्प्लिट, आणि सगळ्याभोवती अॅरेफॉर्म्युला. स्प्लिटचा चौथा आर्ग्युमेंट फॉल्स द्यायला विसरू नका. नाही दिला तर रिकामे तुकडे गाळले जातात आणि पुढचं सगळं एक घर डावीकडे सरकतं.

वसमतची_हळद
पैठणीताईंच्या पायरी ८ बद्दल. 'अनपिव्हॉट अदर' आणि 'अनपिव्हॉट कॉलम्स' यात फरक काय? मी कायम २४ कॉलम निवडून साधं अनपिव्हॉट करते, चालतं की.

पैठणी_पदर
चालतं, कारण साधं अनपिव्हॉटसुद्धा आतून 'अदर'चंच सूत्र लिहितं. सूत्रपट्टीत बघा. वेगळं आहे ते 'अनपिव्हॉट ओन्ली सिलेक्टेड'. ते निवडलेल्या कॉलमांची नावं पाठ करून ठेवतं. पुढच्या वर्षी करडईचे तीन कॉलम वाढले तर पहिल्या दोन्ही प्रकारांत ते आपोआप खाली येतील, तिसऱ्यात आडवेच राहतील.

'चेंज्ड टाइप' उडवायचं कारणही हेच, त्यात कॉलमांची नावं लिहिलेली असतात. हेडरमधलं 'क्षेत्र' पुढच्या वर्षी कुणी 'क्षेत्र हे.' केलं की क्वेरी तिथंच बसकण मारते. टाइप सगळ्यात शेवटी द्या, तेव्हा पाच-सातच कॉलम उरलेले असतात.

बालाघाट
त्याच 'क्षेत्र हे.' मध्ये बहुतेक वेळा ऑल्ट-एंटर मारलेला असतो. डोळ्याला दोन ओळी दिसतात, मशीनला ते वेगळं नाव. एक्सेलमध्ये फाइंडच्या खणात कंट्रोल+जे दाबून तो सापडतो, बदली एक स्पेस द्या. क्लीन फंक्शन तो काढतं, पण शब्द चिकटवून टाकतं. आणि वेबवरून आणलेल्या नावांमागं १६० नंबरची स्पेस असते, ट्रिम तिला हात लावत नाही.

गोदावरी_खोरं
पण मुळात असले तक्ते बनवतातच कशाला? मर्जऐवजी 'सेंटर अक्रॉस सिलेक्शन' वापरलं तर हा प्रश्नच येणार नाही.

मांजरथडी
खोरं, अर्धं बरोबर. त्यानं कॉलम निवडणं, सॉर्ट करणं सुटसुटीत होतं. पण नाव तिथंही पहिल्याच सेलमध्ये असतं, बाकीचे रिकामेच. फिल डाउन चुकत नाही. शिवाय ते फक्त आडवं चालतं, जिल्ह्याच्या उभ्या कॉलमला उपयोग नाही.

बनवणाऱ्यांना दोष देऊन काय? तक्ता बैठकीत आडव्या कागदावर वाचायला केलेला असतो आणि त्या कामाला तो उत्तमच आहे. खरीप कुठं संपलं, रब्बी कुठं सुरू झालं हे लांबूनही दिसतं. आपण त्याच्याकडून दुसरं काम करून घेतोय.

कळणाची_भाकर
आन् बैठकीत साहेब इचारतात, 'टक्केवारी कुठंय?' मग आणखी आठ कॉलम.

वसमतची_हळद
टक्केवारीवरून आठवलं. तेरणाकाठ, उत्पादकता खाली आणूच नका. क्षेत्र शंभर हेक्टरांत आणि उत्पादन शंभर टनांत असेल तर उत्पादन भागिले क्षेत्र गुणिले १००० म्हणजे किलो प्रति हेक्टर. नमुन्यादाखल: क्षेत्र ४१२, उत्पादन ५१५, उत्पादकता १२५०. कधीही काढता येते. तयार उत्पादकतेची सरासरी मात्र फसवते. एका तालुक्यात १०० हेक्टरवर २००० किलो आणि दुसऱ्यात ९०० हेक्टरवर १००० किलो, तर साधी सरासरी १५०० येईल. खरा आकडा ११००.

तेरणाकाठ
पटलं. पण स्प्लिटनंतर 'बाब' कॉलममध्ये क्षेत्र आणि उत्पादन एकाखाली एक येतात. मला ते शेजारी हवेत.

पैठणी_पदर
'बाब' कॉलम निवडा, ट्रान्सफॉर्म, पिव्हॉट कॉलम, व्हॅल्यूमध्ये आकड्यांचा कॉलम, आणि अॅडव्हान्स्डमध्ये 'डोन्ट अॅग्रीगेट'. इथं 'टू मेनी एलिमेंट्स इन द एन्युमरेशन' अशी एरर आली तर घाबरून 'सम' निवडू नका. एकाच किल्लीवर (ओळ ओळखायचे कॉलम मिळून) दोन आकडे आले आहेत, एवढंच ती सांगते. या तक्त्यात ती हमखास ज्वारीवर येईल, कारण ज्वारी खरिपातही आहे आणि रब्बीतही. हंगामाचा कॉलम आधी काढून टाकला असेल तर दोन्ही ज्वाऱ्या एकमेकींवर आदळतात.

हुरडा_हंगाम
हुरडा कोणत्या हंगामात धरायचा ते पण सांगा.

बालाघाट
रब्बी. पण तो तक्त्यात यायच्या आधीच संपतो.

अजिंठा_लिपी
तालुक्याच्या नावानं दुसरा तक्ता जोडणार असाल (पाऊस, पैसेवारी, काहीही) तर थांबा. सेलू परभणीत आहे आणि वर्ध्यातही. आष्टी बीडमध्ये आणि वर्ध्यातही. कळंब धाराशिवमध्ये आणि यवतमाळमध्येही. शिरूर कासार बीडचं, शिरूर अनंतपाळ लातूरचं, आणि नुसतं शिरूर पुण्याचं. किल्ली कायम जिल्हा अधिक तालुका. फझी मॅचला (साधारण सारखी नावं जुळवणारी सोय) तर हात लावू नका, ते नांदेडचं लोहा आणि धाराशिवचं लोहारा एक करून मोकळं होईल.

जिल्ह्यांचीही नावं २०२३ मध्ये बदलली, त्यामुळं पाच वर्षांत औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव अशी चारही नावं सापडतील. एक छोटी कोड-सूची ठेवा. २०११ च्या जनगणनेचे जिल्हा कोड: नांदेड ५११, हिंगोली ५१२, परभणी ५१३, जालना ५१४, औरंगाबाद ५१५, बीड ५२३, लातूर ५२४, उस्मानाबाद ५२५. नाव कितीदाही बदलो, कोड तोच. तालुक्यांचीही अशीच सूची केली तर अंबाजोगाई, अंबेजोगाई, आंबेजोगाई या तिघीही एकाच कोडावर आणता येतात.

गोदावरी_खोरं
मागची वर्षं जोडणाऱ्यांनी हेही बघा: हिंगोली १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. त्याआधीशी तुलना करायची तर परभणी अधिक हिंगोली घ्या, नाहीतर परभणीची पेरणी एका वर्षात कोसळलेली दिसेल.

कळणाची_भाकर
माझ्याकडच्या शीटात आकडेच देवनागरी आहेत. बेरीज शून्य येते.

बालाघाट
आधी सूत्रपट्टी बघा. सेलमध्ये १२३ देवनागरी दिसतं पण सूत्रपट्टीत इंग्रजी, तर तो फाँटाचा नाहीतर फॉरमॅटचा खेळ आहे, आकडा शाबूत आहे. सूत्रपट्टीतही देवनागरी असेल तर एक्सेलच्या लेखी तो मजकूर. दहा अंकांसाठी दहा वेळा रिप्लेस, किंवा पॉवर क्वेरीत दहा रिप्लेस व्हॅल्यूज. एकदाच लिहायच्या आहेत. पायथॉनचा इंट मात्र देवनागरी अंक थेट वाचतो.

हेडर सूत्रपट्टीत अगम्य इंग्रजी अक्षरं दाखवत असेल तर ते जुन्या फाँटात टाइप केलेलं आहे. ते युनिकोडमध्ये आणल्याशिवाय पुढं जाऊ नका.

वसमतची_हळद
आणि वर्षाचा कॉलम शीटच्या नावावरून घ्या, सेलमधून नको. सेलमध्ये कुणी १०-११ टाइप केलं की एक्सेल त्याची १० नोव्हेंबर करतं. गट नंबर १२/३ ची १२ मार्च. सातबाऱ्याची ७ डिसेंबर.

हुरडा_हंगाम
सातबाऱ्याची पण तारीख पे तारीख.

तेरणाकाठ
सगळ्यांचे आभार. मांजरथडींचा कंडिशनल कॉलम लावला, गहू जागेवर आला. आता एका वर्षाचं अनपिव्हॉट झाल्यावर, 'एकूण' आणि 'शेरा' काढून, १७९३ ओळी दिसतात. किती यायला हव्यात?

मांजरथडी
आठ जिल्ह्यांचे ७६ तालुके, ८ पिकं, ३ बाबी. १८२४. पिव्हॉटनंतर ६०८. ३१ कमी आहेत.

पॉवर क्वेरीचं अनपिव्हॉट नल सेल गुपचूप गाळतं, त्याचे हे ३१. पण ३१ ला तीननं भाग जात नाही. एखादं पीक तालुक्यात नसेल तर तिन्ही सेल रिकामे असतात, म्हणजे तूट तीनच्या पटीत यायला हवी. किमान एका ठिकाणी संच अर्धवट आहे. ते आधी शोधा.

शोधायला: अनपिव्हॉटच्या आधी २४ कॉलम निवडून रिप्लेस व्हॅल्यूज, नलच्या जागी 'रिक्त' हा शब्द. तेव्हा टाइप दिलेला नसतो, म्हणून मजकूर चालतो. उणे ९९९ वगैरे घालू नका, ते एखाद दिवशी बेरजेत शिरतं. आता पूर्ण १८२४ येतील. पिव्हॉट करून एका बाबीत 'रिक्त' आणि दुसरीत आकडा अशी ओळ फिल्टर करा.

आणि 'एकूण'च्या ओळी टाकून देऊ नका. मूळ क्वेरीवर राइट क्लिक, रेफरन्स, आणि त्यात उलटा फिल्टर लावून फक्त त्याच ठेवा. जिल्हावार तुमची बेरीज आणि छापील बेरीज शेजारी मांडली की एखादा कॉलम सरकलेला असेल तर लगेच दिसतो.

तेरणाकाठ
सापडलं. एका तालुक्यात उडदाचं क्षेत्र आणि उत्पादकता आहे, उत्पादन रिकामं. बाकीचे दहा संच पूर्ण रिकामे आहेत. त्यांतल्या सहांच्या शेऱ्यात 'निरंक' आहे, चारांच्या शेऱ्यात 'अप्राप्त'. मी शेरा आधीच उडवला होता.

पैठणी_पदर
मग शेरा परत आणा. अनपिव्हॉट करताना जिल्हा आणि तालुक्यासोबत तिसरा कॉलम म्हणून तोही निवडा. निरंक म्हणजे पेरणीच नाही, तिथं शून्य घाला. अप्राप्त म्हणजे आकडा आलाच नाही, तिथं नल राहू द्या. उडदाचं उत्पादन क्षेत्र गुणिले उत्पादकता भागिले १००० करून मिळेल, पण शेजारी 'काढलेला आकडा' असा एक कॉलम ठेवा.

कळणाची_भाकर
आन् शेऱ्यात निरंक, पण क्षेत्रात आकडा असंल तर?

बालाघाट
तर फोन. त्याला फॉर्म्युला नाही.